एससीसीएममध्ये पॅकेजेससाठी किती जागा लागते: पहिल्यांदा आखणी करणाऱ्यांसाठी

तुमच्या ऑफिसात एससीसीएम, म्हणजे सगळ्या पीसींवर एका जागेवरून सॉफ्टवेअर बसवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन, बसवायचं ठरलंय आणि सर्व्हर टीमचा एका ओळीचा मेल आलाय: डिस्क किती द्यायची ते कळवा. तुम्ही इन्स्टॉलर ठेवलेला फोल्डर शोधता, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघता, २२० जीबी दिसतात. थोडी वाढ धरून ३०० लिहिता आणि पाठवून देता. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं. सहा महिन्यांत डिस्क लाल झाली.

हा आकडा चुकतो, कारण पॅकेज, म्हणजे इन्स्टॉलर आणि त्याच्या फाइली, एका जागी राहत नाही. त्याच्या प्रती होतात, जुन्या आवृत्त्या मागे राहतात आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना मधल्या वाटेवरही त्याला जागा लागते. म्हणून नुसता पॅकेजचा आकार बघू नका, त्याच्या प्रती मोजा. पुढचा सगळा लेख ही मोजणी कशी करायची याबद्दल आहे.

मायक्रोसॉफ्टने या सॉफ्टवेअरचं नाव बऱ्याचदा बदललं. आज ते नुसतं कॉन्फिगरेशन मॅनेजर आहे, पण बोलताना आपण सगळे एससीसीएमच म्हणतो, म्हणून इथेही तेच. इथे सांगितलेली रचना २०१२ च्या आवृत्तीपासून पुढची आहे. त्याआधीच्या २००७ च्या आवृत्तीत साठवण्याची पद्धतच वेगळी होती, त्यामुळे तेव्हाचे जुने सल्ले कुठे वाचलेत तर ते इथे लावू नका.

१. पॅकेजच्या प्रती कुठे कुठे होतात ते आधी समजून घ्या

डिस्ट्रिब्यूशन पॉइंटला सगळे डीपी म्हणतात. गावाकडे डीपी म्हटलं की विजेचं रोहित्र आठवतं, आणि काम बरंचसं तसंच आहे. मुख्य केंद्रातून माल डीपीवर येतो आणि आसपासच्या घरांना, म्हणजे इथे पीसींना, तिथून मिळतो. पुण्याच्या मुख्य सर्व्हरवरून कोल्हापूरच्या प्रत्येक पीसीने थेट फाइल ओढू नये, म्हणून कोल्हापुरात एक डीपी.

आता एका इन्स्टॉलरचा प्रवास बघा.

पहिली प्रत सोर्स शेअरवर. तुम्ही इन्स्टॉलर ठेवता तो हा नेटवर्क फोल्डर. साइट सर्व्हरच्या, म्हणजे एससीसीएमच्या मुख्य सर्व्हरच्या, कॉम्प्युटर अकाउंटला इथे वाचायची परवानगी लागते.

दुसरी प्रत साइट सर्व्हरच्या कंटेंट लायब्ररीत. पॅकेज वितरित केलं की साइट सर्व्हर सोर्समधून फाइली उचलून आपल्या लायब्ररीत भरतो. सोर्स आणि लायब्ररी एकाच सर्व्हरवर असली तरी या दोन वेगळ्या प्रती आहेत. ही गोष्ट नव्या माणसाच्या हमखास लक्षात येत नाही.

तिसरी प्रत प्रत्येक डीपीच्या कंटेंट लायब्ररीत. पाच डीपी असतील तर पाच प्रती. एक सवलत मात्र आहे: साइट सर्व्हरवरच डीपीचा रोल असेल, म्हणजे तोच डीपीचंही काम करत असेल, तर दोघांची लायब्ररी एकच असते, तिथे दुप्पट जागा धरायची गरज नाही.

चौथी प्रत पीसीवर, विंडोज फोल्डरमधल्या सीसीएमकॅशमध्ये.

आणि एक तात्पुरती प्रत. दूरच्या डीपीवर फाइली आधी एका तात्पुरत्या शेअरमध्ये येतात आणि मग लायब्ररीत जातात. म्हणजे १८ जीबीचं पॅकेज येत असताना डीपीवर काही काळ १८ पेक्षा बरीच जास्त जागा मोकळी हवी. डिस्कवर नेमके २० जीबी शिल्लक आहेत, १८ चं पॅकेज बसेल, असं गणित केलंत तर वितरण अर्ध्यावर अडकतं.

कंटेंट लायब्ररीचा एक चांगला गुण इथेच सांगते, कारण हिशोबात तो उपयोगी पडतो. लायब्ररीत तीन फोल्डर असतात: पीकेजीलिब, डेटालिब आणि फाइललिब. खऱ्या फाइली फाइललिबमध्ये राहतात, पण त्यांच्या मूळ नावाने नाही. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून एक हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी अक्षर-आकड्यांची खूण, काढतात, तो हॅश म्हणजेच फाइलचं नाव, आणि त्याची पहिली चार अक्षरं म्हणजे ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव. शेजारी एक छोटी आयएनआय फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडली की ही फाइल कोणकोणती पॅकेजेस वापरतात ते दिसतं. तीच फाइल दहा पॅकेजेसमध्ये असली तरी लायब्ररीत एकदाच साठते.

ड्रायव्हरच्या पॅकेजेसमध्ये याचा खरा फायदा होतो, कारण एकाच कंपनीच्या पाच मॉडेलमध्ये निम्म्या फाइली सारख्या असतात. पण ही तुलना अख्ख्या फाइलची आहे. ८ जीबीच्या आयएसओमध्ये (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) एक छोटी सेटिंग फाइल बदलून तुम्ही नवा आयएसओ बनवलात तर लायब्ररीच्या दृष्टीने ती पूर्णपणे नवी फाइल, आणखी ८ जीबी. म्हणून शक्य असेल तिथे आयएसओ उलगडून फोल्डरच्या रूपात द्या. पुढच्या वेळी फक्त बदललेल्या फाइलींचीच भर पडेल आणि शाखेच्या नेटवर्क लाइनवरूनही तेवढ्याच जातील.

२. आकड्याला हात लावण्याआधी ही माहिती जमवा

यातलं काही तुमच्याकडे असेल, काही मागावं लागेल. मागायला वेळ लागतो, म्हणून आजच मागा.

- पॅकेजेसची यादी, एक्सेलमध्ये: नाव, आवृत्ती, आकार, कोणत्या विभागाला लागतं, आणि ते कुणाच्या अखत्यारीत आहे
- शाखांची यादी: पीसी किती, लाइनचा वेग किती, तिथे सर्व्हर आहे का, त्यावर आणखी काय चालतं
- प्रत्येक सर्व्हरच्या डिस्कचा तक्ता: ड्राइव्ह, एकूण जागा, मोकळी जागा
- जुन्या आवृत्त्या किती ठेवायच्या याचा लेखी निर्णय. हा तुम्ही एकट्याने घेऊ नका. अकाउंट्सवाल्यांना जुनी आवृत्ती वर्षभर लागू शकते, आणि ते तुम्हाला आधी सांगणार नाहीत
- गेल्या वर्षभरात सोर्स फोल्डर किती वाढला. माहीत नसेल तर फाइलींच्या तारखांवरून अंदाज काढा

साधनं फार लागत नाहीत. फोल्डरनिहाय जागा बघायला विनडिरस्टॅट पुरतं. एससीसीएमबरोबर येणारा कंटेंट लायब्ररी एक्सप्लोरर एखाद्या डीपीवर नेमकं काय पडलंय ते दाखवतो, तो आधीच चालू असलेल्या सेटअपमध्ये उपयोगी. लायब्ररीचे फोल्डर विंडोज एक्सप्लोररमधून उघडून हाताने काहीही पुसू नका. एक फाइल दहा पॅकेजेसची असते हे वर सांगितलंय, एक पुसलीत तर दहा मोडतील.

३. मोजण्याआधी सोर्स फोल्डर आवरा

या पायरीत सगळ्यात जास्त जागा वाचते, आणि नेमकी हीच पायरी सगळे सोडून देतात.

अ‍ॅप्लिकेशन बनवताना तुम्ही कंटेंटची जागा म्हणून एक फोल्डर देता. एससीसीएम त्यातलं सगळं उचलतो. इन्स्टॉलरला कोणती फाइल लागते आणि कोणती नाही हे तो बघत नाही. आमच्याकडे डिझाइन विभागाच्या कॅड सॉफ्टवेअरचा फोल्डर मी पहिल्यांदा उघडून बघितला तेव्हा त्यात हे होतं: उतरवलेली झिप, तीच उलगडलेला फोल्डर, आधीच्या वर्षीची आवृत्ती, "टेस्ट" नावाचा एक फोल्डर, आणि कुणीतरी ठेवलेला ट्रेनिंगचा व्हिडिओ. एकूण १८ जीबी. इन्स्टॉलला लागणारे ६. बाकीचे १२ जीबी आम्ही वर्षभर पाच डीपींवर आणि डिझाइन विभागाच्या प्रत्येक पीसीवर पाठवत होतो.

म्हणून रचना अशी ठेवा: उत्पादक, त्याखाली अ‍ॅप्लिकेशन, त्याखाली आवृत्ती, आणि आवृत्तीच्या फोल्डरमध्ये फक्त इन्स्टॉलला लागणाऱ्या फाइली. मूळ झिप, लायसन्सचे कागद, नोंदी, हे सगळं वेगळ्या शेअरवर, जिथे एससीसीएम बघत नाही. अ‍ॅप्लिकेशन बनवताना बोट कायम सगळ्यात खालच्या, आवृत्तीच्या फोल्डरवर ठेवायचं. चुकून एक पायरी वरचा फोल्डर निवडलात तर सगळ्या आवृत्त्या एकाच पॅकेजात जातात, आणि इन्स्टॉल व्यवस्थित चालत असल्याने ही चूक महिनोन्महिने कुणाला दिसत नाही.

आवराआवर करायला मला दोन दिवस लागले आणि सोर्स ३१० वरून २२० जीबीवर आला. आता या २२० वर विश्वास ठेवता येतो.

४. मुख्य सर्व्हरचा आकडा काढा

आमचाच हिशोब उदाहरण म्हणून देते. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

अ‍ॅप्लिकेशन्स ९५ जीबी. एमएस ऑफिसचे तीन बिल्ड मिळून १२. विंडोजच्या इमेजेस २४. ड्रायव्हर ४५. विंडोज आणि ऑफिसचे अपडेट्स ४४. एकूण २२०.

वाढ आमच्याकडे साधारण वर्षाला २५ टक्के होती. सर्व्हर तीन वर्षं बदलणार नाही असं धरलं, तर २२० गुणिले १.२५, असं तीनदा. साधारण ४३० जीबी येतात. इथे लोक २५ त्रिक ७५ टक्के धरून ३८५ लिहितात. वाढीवर वाढ होते, हे विसरू नका.

यात काम चालायला लागणारी जागा मिळवा. आवरण्याआधी सगळ्यात मोठं पॅकेज १८ जीबीचं होतं. एकाच वेळी दोन-तीन मोठी पॅकेजेस येऊ शकतात, म्हणून ५० धरले. झाले ४८०.

आता डिस्क कधीच पूर्ण भरू द्यायची नाही. मी वीस टक्के मोकळी ठेवते, म्हणजे ४८० हे डिस्कच्या ऐंशी टक्के. ४८० भागिले ०.८, उत्तर ६०० जीबी.

हे झालं कंटेंट लायब्ररीचं. सोर्स शेअरला वेगळे तेवढेच, आणि वर जुन्या आवृत्त्यांसाठी काही. कारण डीपीवरून तुम्ही जुनी आवृत्ती काढाल, पण सोर्स मात्र बराच काळ सांभाळाल. आम्ही सोर्ससाठी ८०० मागितले. म्हणजे प्रॉपर्टीजमध्ये दिसणाऱ्या २२० जीबीसाठी एकट्या पुण्यात १४०० जीबी लागले, तेही डेटाबेस आणि विंडोज सोडून. हा आकडा साहेबांपुढे ठेवताना वरची सगळी बेरीज एका कागदावर सोबत द्या. नुसता आकडा गेला तर तो निम्मा होऊन परत येतो.

दोन गोष्टी मागणीच्या मेलमध्ये स्पष्ट लिहा. एक, ही रेड (एक डिस्क बिघडली तरी डेटा राहावा म्हणून अनेक डिस्कची जोडणी) झाल्यानंतर प्रत्यक्ष हातात येणारी जागा आहे. बाजारात १ टीबी म्हणून मिळणारी डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, तो फरकही तिथेच मिटवून घ्या. दोन, व्हर्च्युअल मशीन असेल तर डिस्क थिन आहे का ते विचारा. थिन डिस्कमध्ये तुम्हाला ६०० दिसतात, पण खालचं स्टोरेज दहा मशीन्सनी मिळून वाटून घेतलेलं असतं, आणि ते भरलं की तुमच्या डिस्कवर जागा दिसत असूनही लिहिणं थांबतं.

आणखी एक सापळा जुन्या पद्धतीच्या पॅकेजेसचा. पॅकेजच्या प्रॉपर्टीजमध्ये, डीपीवरच्या पॅकेज शेअरमध्येही प्रत ठेवा, असा एक पर्याय असतो. त्यावर टिक केली की लायब्ररीतली प्रत राहतेच, शिवाय पूर्ण फोल्डर मूळ नावांनी पुन्हा साठतो. जागा दुप्पट. एखाद्या प्रोग्रामला किंवा टास्क सिक्वेन्सला (ठरलेल्या पायऱ्या एकामागून एक करणारं काम) फाइली थेट डीपीवरून चालवायच्या असतील तरच हा पर्याय लागतो. बाकी ठिकाणी तो काढून टाका.

५. शाखांचा हिशोब वेगळा, आणि त्यात लाइनही धरा

प्रत्येक शाखेला सगळं लागत नाही. रत्नागिरीला कॅड लागत नव्हतं, निम्मे ड्रायव्हरही नको होते, कारण तिथे दोनच मॉडेलचे पीसी. गाळून १३० जीबी उरले. त्याच पद्धतीने तीन वर्षांची वाढ धरून २५४, कामाच्या जागेचे ५० मिळवून ३०४, आणि ०.८ ने भागून ३८०. आम्ही ४०० मागितले.

जागा मिळाली तरी ती भरायची कशी हा प्रश्न उरतो. रत्नागिरीची लाइन ४ एमबीपीएस. १३० जीबी म्हणजे साधारण १०,४०,००० मेगाबिट. भागिले ४, म्हणजे २,६०,००० सेकंद, बहात्तर तास. तेही लाइनवर दुसरं काहीही चालू नसेल तर. फक्त रात्रीचे दहा तास वापरायचे म्हटले तर आठ रात्री.

यावर एससीसीएममध्ये दोन उपाय आहेत. एक, डीपीच्या प्रॉपर्टीजमध्ये वेळापत्रक आणि वेगाची मर्यादा लावता येते. ही सोय साइट सर्व्हरपासून वेगळ्या असलेल्या डीपींनाच आहे. पुल प्रकारचा डीपी, म्हणजे जो स्वतःहून दुसऱ्या डीपीवरून माल ओढतो, त्याला ही वेगाची मर्यादा लागू होत नाही. तिथे बिट्सच्या (विंडोजची मागे चालणारी डाउनलोड सेवा) सेटिंगने आवर घालावा लागतो.

दुसरा उपाय प्रीस्टेज्ड कंटेंट, आणि पहिल्या भरणीसाठी मी नेहमी हाच सुचवते. पुण्यात हव्या त्या पॅकेजेसची पीकेजीएक्स फाइल बनवा, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घ्या, शाखेत न्या आणि तिथल्या डीपीवर एक्स्ट्रॅक्टकंटेंट नावाच्या प्रोग्रामने उतरवा. त्याआधी त्या डीपीच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रीस्टेज्ड कंटेंटचा पर्याय चालू करायला विसरू नका. मी स्वारगेटहून रात्रीच्या एसटीने डिस्क घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काम आटोपलं. फाइल डीपीच्या डिस्कवर कॉपी करून मग उतरवू नका, सरळ यूएसबी डिस्कवरूनच चालवा. नाहीतर तीच जागा पुन्हा लागते.

६. ड्राइव्ह आधी ठरवा, डीपीचा रोल नंतर बसवा

ही पायरी चुकली तर निस्तरायला सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून सावकाश वाचा.

डीपी बनवताना विझार्डमध्ये ड्राइव्हचं एक पान येतं. त्यात कंटेंट लायब्ररीसाठी एक मुख्य आणि एक दुय्यम ड्राइव्ह निवडता येतो, तसेच पॅकेज शेअरसाठी दोन. मुख्य भरला की पुढचा माल दुय्यमवर जातो. काही निवडलं नाही तर तिथे ऑटोमॅटिक असतं, आणि ऑटोमॅटिक म्हणजे ज्या ड्राइव्हवर सर्वात जास्त मोकळी जागा तो. एकदा डीपी बनला की ही निवड त्या पानावरून बदलता येत नाही.

नाशिकच्या शाखेतला सर्व्हर तिथल्या फाइली आणि प्रिंटर सांभाळत होता. त्याचा सी ड्राइव्ह ३०० जीबीचा, आणि बराचसा रिकामा. डी ड्राइव्ह लहान, आणि त्यावर शाखेच्या फाइली. मी ते पान न वाचता पुढे गेले. ऑटोमॅटिकने सी निवडला, कारण जागा तिथेच जास्त होती. तीन आठवडे सगळं सुरळीत. मग एका शुक्रवारी संध्याकाळी नाशिकहून फोन आला की प्रिंट निघत नाहीत आणि डिस्पॅचची चलनं अडकली आहेत. रिमोटने आत गेले, तर सी ड्राइव्हवर मोकळी जागा शून्य. प्रिंटचा स्पूल, म्हणजे छपाईसाठी थांबलेल्या फाइलींची रांग, सीवरच असतो, त्याला लिहायला जागा नव्हती. गेटवर भरलेले ट्रक चलनासाठी उभे होते. मी घाईने चार मोठी पॅकेजेस त्या डीपीवरून काढली, स्पूलर पुन्हा चालू केला, तेव्हा पहिलं चलन निघालं.

हे टाळायला एक रिकामी फाइल पुरते. ज्या ड्राइव्हवर एससीसीएमने काहीही ठेवू नये, त्याच्या मुळाशी नो_एसएमएस_ऑन_ड्राइव्ह.एसएमएस (NO_SMS_ON_DRIVE.SMS) या नावाची फाइल ठेवायची. नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. नोटपॅडने फाइल बनवलीत तर शेवटी टीएक्सटी चिकटतं, त्यामुळे फाइलींची एक्स्टेंशन दिसतील असं सेटिंग करून नाव तपासा. फाइल रोल बसवण्याआधी ठेवायची. आधीच सीवर गेलेला माल ती बाहेर काढत नाही.

विझार्डच्या ड्राइव्हच्या त्याच पानावर राखीव जागेचा एक आकडा असतो, मूळचा ५० एमबी. आजच्या पॅकेजेसपुढे तो काहीच नाही. मी शाखांच्या डीपींवर २०,००० एमबी लिहिते, म्हणजे डिस्क काठोकाठ जायच्या आत वितरण थांबतं आणि सर्व्हरची बाकीची कामं चालू राहतात.

लायब्ररी चुकीच्या ड्राइव्हवर गेलीच असेल, तर कंटेंट लायब्ररी ट्रान्सफर नावाचं साधन एससीसीएमबरोबर मिळतं, ते एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवतं. हलवत असताना तो डीपी माल देत नाही, म्हणून रविवारी करा. साइट सर्व्हरची लायब्ररी मात्र १८०६ आवृत्तीपासून कन्सोलमधूनच दुसऱ्या सर्व्हरच्या शेअरवर हलवता येते. अट एवढीच की साइट सर्व्हरवर डीपीचा रोल नसावा.

विंडोज सर्व्हरचं डेटा डीडुप्लिकेशन, म्हणजे सारखा डेटा एकदाच साठवायची सोय, लावावं का, हा प्रश्न हमखास येतो. डीपीच्या लायब्ररीच्या व्हॉल्यूमवर चालतं. सोर्स फाइलींच्या व्हॉल्यूमवर चालत नाही, कारण डीडुप्लिकेशन फाइलींच्या जागी रीपार्स पॉइंट (खरा डेटा दुसरीकडे असल्याची खूण) ठेवतं आणि एससीसीएम तशा सोर्समधून उचलत नाही. सोर्स आणि लायब्ररी एकाच व्हॉल्यूमवर असतील तर हा विचार सोडून द्या.

७. डीपी ग्रुप जपून बनवा

पंधरा शाखांना एकेक करून पॅकेज पाठवायचं नसतं, म्हणून डीपींचे ग्रुप असतात. ग्रुपला पाठवलं की सगळ्यांना जातं. पण उलटंही खरं आहे: ग्रुपमध्ये नवा डीपी घातला की ग्रुपचं आजवरचं सगळं कंटेंट आपोआप त्याच्याकडे निघतं.

कोल्हापूरचा डीपी मी एका सोमवारी सकाळी दहाला "सर्व शाखा" या ग्रुपमध्ये घातला. वेगाची मर्यादा लावलेली नव्हती. पावणेअकराला तिथून फोन, "मॅडम, इथं काहीच उघडंना झालंय." तिथल्या बिलिंगचं काम दुपारपर्यंत रखडलं. तेव्हापासून क्रम पक्का आहे: डीपी बनवा, मर्यादा लावा, प्रीस्टेज्डने भरा, आणि मगच ग्रुपमध्ये घाला, तेही शनिवारी रात्री.

ग्रुपही गरजेप्रमाणे पाडा. आमचे तीन आहेत: सगळ्यांना लागणारं, कारखान्यांना लागणारं आणि डिझाइनवाल्यांना लागणारं. "सर्व शाखा" असा एकच ग्रुप ठेवलात तर पाचव्या पायरीतली गाळणी वाया जाते.

८. पीसीवरचा कॅश तपासा

सीसीएमकॅशची मूळ मर्यादा ५१२० एमबी, म्हणजे ५ जीबी. याहून मोठं पॅकेज पीसीवर उतरतच नाही, आणि बाकी सगळं बरोबर असताना फक्त तेच का बसत नाही हे शोधण्यात नवखा माणूस दिवस घालवतो. क्लायंट सेटिंग्जमध्ये कॅशचा आकार एमबीमध्येही देता येतो आणि डिस्कच्या टक्केवारीतही, दोन्हींपैकी जो लहान तो लागू होतो. डिझाइन विभागाला वेगळी क्लायंट सेटिंग देऊन २५ जीबी करा. सगळ्या कंपनीला वाढवू नका, शाखांमधल्या जुन्या पीसींच्या डिस्क लहान असतात.

९. जुनं काढायचं काम कॅलेंडरवर टाका

अ‍ॅप्लिकेशन रिटायर केलं की ते डीपीवरून निघून जातं असा समज आहे. तसं होत नाही. रिटायर केल्याने नवी डिप्लॉयमेंट (पीसींवर बसवायचा आदेश) थांबते, कंटेंट तुम्हाला वेगळं काढावं लागतं. मी दर तिमाहीला यादी काढते, मालकांना मेल करते, आठ दिवस थांबते आणि मग काढते.

अपडेट्सचं वेगळं आहे. दर महिन्याचे अपडेट्स एकाच डिप्लॉयमेंट पॅकेजात टाकत गेलात तर ते पॅकेज फुगत जातं आणि नवा डीपी भरताना पूर्णच्या पूर्ण जातं. सहा महिन्यांचं एक पॅकेज करा. जुन्यातले अपडेट्स कालबाह्य झाले की अख्खं पॅकेज काढून टाकता येतं.

कधी कधी कन्सोलमध्ये पॅकेज नसतं, पण डीपीच्या डिस्कवर त्याच्या फाइली उरलेल्या असतात. त्यासाठी १७०२ आवृत्तीपासून कंटेंट लायब्ररी क्लीनअप हे साधन आहे. सुरुवातीला ते काही पुसत नाही, फक्त काय पुसता येईल याचा अहवाल देतं. तो अहवाल पूर्ण वाचा, आणि मगच डिलीटच्या पर्यायाने पुन्हा चालवा. वितरण चालू असताना चालवू नका. साइट सर्व्हरच्या लायब्ररीवर ते चालत नाही, दूरच्या डीपींसाठीच आहे.

काही अडलं तर साइट सर्व्हरवरचा डिस्टएमजीआर लॉग आधी उघडा. जागा कमी पडल्याची ओळ तिथेच दिसते.

१०. बॅकअपमध्ये काय येत नाही ते आज बघून घ्या

एससीसीएमचं साइट बॅकअपचं काम चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात डेटाबेस आणि साइटच्या नोंदी येतात. सोर्स फाइली येत नाहीत, कंटेंट लायब्ररीही येत नाही. सर्व्हर गेला आणि नव्याने उभा केला तर कन्सोलमध्ये सगळी पॅकेजेस दिसतील, पण त्यांच्या मागे फाइली नसतील, आणि त्या मिळेपर्यंत एकही नव्याने वितरित करता येणार नाही.

म्हणून सोर्स शेअर आणि साइट सर्व्हरची लायब्ररी तुमच्या नेहमीच्या फाइल बॅकअपमध्ये घालून घ्या. शाखांच्या डीपींचा बॅकअप लागत नाही, ते पुन्हा भरता येतात. चौथ्या पायरीत काढलेले १४०० जीबी बॅकअपवाल्यांनाही कळवा, त्यांनाही त्यांच्या बाजूने तेवढी जागा काढावी लागते. तो मेल स्टोरेजच्या मागणीसोबतच जाऊ द्या.